चढाईला कोण गेलंय?

भोईर सर वर्गात आले की आधी प्रोजेक्टरची वायर काढायचे, नीट गुंडाळायचे आणि पँटच्या खिशात घालायचे. मग पहिल्या बाकावरच्या कुणाकडे तरी बघून म्हणायचे, "या. सांगा." समोर बसलेली मंडळी काही कालची पोरं नसत. डॉक्टर होऊन पीएचडीला आलेले असत, सुवर्णपदकवाले असत, रात्री जागून साठ-सत्तर स्लाइड रंगवून आणलेल्या असत. वायर खिशात गेली की भल्याभल्यांची दातखीळ बसायची.

वागळे इस्टेटमधल्या एका गल्लीत आमची वैद्यकीय संशोधनाची संस्था आहे. मी तिथे संख्याशास्त्र शिकवते, सर शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. मध्यंतरी वरून फर्मान आलं की पीएचडीच्या विद्यार्थ्यांना संवाद आणि सादरीकरण शिकवायला हवं. शनिवारचा तास ठरला, पण तो घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा मीटिंगमध्ये एक शहाणे गृहस्थ हसत म्हणाले, "भोईरांना द्या की, त्यांना माइकची सवय आहे." हा टोमणा होता. सर रविवारी कल्याण-भिवंडीकडच्या गावांमधून कबड्डीच्या सामन्यांचं धावतं समालोचन करायचे आणि ते आमच्यातल्या काही जणांना प्राध्यापकाला न शोभणारं वाटायचं. सरांना टोमणा कळला नाही असं मुळीच नाही. त्यांनी तो मानाच्या नारळासारखा दोन्ही हातांनी घेतला.

पहिल्याच तासाला त्यांनी आपलं सगळं शास्त्र सांगून टाकलं. "मी सामन्याला बसलो आणि मैदान किती लांब, माती कुठून आणली हेच सांगत राहिलो, तर पब्लिक मला उचलून खाडीत टाकील. आधी सांगायचं, चढाईला कोण गेलंय. मग समोर किती जण उभे आहेत. मग तो परत येतो का नाही. बस. तुमच्या संशोधनात चढाईला कोण गेलंय?"

एक जण चाचरत म्हणाला, "सर, एक प्रोटीन."

"त्याला आईबाप आहेत?"

"नाही सर."

"मग ते प्रोटीन ज्याच्या अंगात आहे, त्याच्यापासून सुरुवात करा."

दिसायला सर मुळीच वक्ते वाटत नसत. बुटके, रुंद, डोक्याला चप्प तेल, पांढरा शर्ट, गळ्यात गावदेवीचं सोन्याचं लॉकेट. आंबिवलीजवळच्या गावात त्यांची पिढीजात भातशेती होती. तिथे आता टॉवर उभे राहिले आणि सरांच्या दारात मोठी पांढरी गाडी आली. ती गाडी ते संस्थेपासून दोन गल्ल्या लांब लावत आणि चालत येत. विचारलं तर म्हणत, "एवढी गाडी बघितली की पोरं खरं बोलत नाहीत." लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याचं कारण विचारलं की सांगायचे, "सगळे मुहूर्त रविवारचे निघाले, रविवारी सामने." मला ते आकडेबाई म्हणत. माझं खरं नाव त्यांना आठवत होतं की नाही याची मला शेवटपर्यंत शंका आहे.

काही शब्दांवर त्यांचा राग होता. 'थोडंसं', 'किंचित', 'तसं काळजीचं कारण नाही' हे शब्द वर्गात कुणी उच्चारले की ते हात वर करून थांबवत. "थोडंसं म्हणजे किती? चमचाभर का वाटीभर?" विद्यार्थी हसत. सर हसत नसत. त्याचं कारण प्रत्येक तुकडीला ते एकदाच सांगत, खिडकीजवळ उभं राहून, कुणाकडेही न बघता.

सर बारावीत असताना त्यांचे वडील ठाण्याच्या एका रुग्णालयात होते. एके सकाळी डॉक्टर आले, कागद चाळले आणि म्हणाले, "आता घरी न्या यांना." डॉक्टरांना काय म्हणायचं होतं ते आपल्याला कळतं. सरांच्या घरच्यांना वाटलं, बरं वाटतंय म्हणून सोडलं. टेम्पो करून वाजतगाजत आणलं. आईने गावदेवीला कोंबडा कापला, नातेवाइकांना जेवायला बोलावलं. पंगत उठायच्या आत वडील गेले. "माझी आई वाढत होती," सर सांगायचे. "तिच्या हातात कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं होतं. त्या डॉक्टरचा काही दोष नाही, चांगला माणूस होता. त्याला फक्त सांगायला कुणी शिकवलं नव्हतं." मग ते वळत आणि पुढच्या मुलाला उभं करत.

मी हे दोन-तीन तुकड्यांबरोबर ऐकलं. मागच्या बाकावर बसायची परवानगी मला होती, बोलायची नव्हती.

तोंडी परीक्षेच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याला सरांच्या घरी जावं लागे. परीक्षा घ्यायला त्यांची आई बसायची. सोनाआजी. चार टॉवरच्या मधोमध त्यांचं ते एकमजली घर, पुढे मोठी ओटी, ओटीवर आजी सुकट निवडत बसलेली. नेसण आगरी पद्धतीचं, गुडघ्यापर्यंत. विद्यार्थ्याने समोर बसून आपलं चार-पाच वर्षांचं काम मराठीत सांगायचं. आजी फार काही विचारत नसे. जेवलास का, लग्न झालं का, बापाचं गाव कोणतं, एवढंच. मात्र ऐकता ऐकता तिला झोप लागली तर सर खूण करत आणि त्या बिचाऱ्याला दोन आठवड्यांनी पुन्हा यावं लागे. टेंभी नाक्यावरचा आमचा एक डॉक्टर यकृतावर बोलत होता. दहीहंडीत वरच्या थरावर चढणारा गडी, पण आजी पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागली तेव्हा त्याचा चेहरा रडवेला झाला होता. आजी जागी झाली आणि त्याला म्हणाली, "पोरा, तू बरा सांगतंस. झोप चांगली लागली." तो दोन आठवड्यांनी आला तेव्हा मात्र तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याला डबा भरून दिला.

अश्विनी शिंदे ही सरांची सगळ्यात अवघड विद्यार्थिनी. कल्याणची मुलगी, तोंडाच्या कॅन्सरवर काम करणारी, कामात हुशार आणि बोलायच्या नावाने शून्य. पहिल्या तासाला ती उभी राहिली, ओठ हलले, आवाज आला नाही आणि ती रडत बाहेर गेली. सर तिच्या मागे गेले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र तिला आणि मला गाडीत घालून भिवंडीकडच्या एका गावात सामन्याला घेऊन गेले. मध्यंतरात त्यांनी माइक तिच्या हातात दिला आणि हळूच सांगितलं, "त्या कोपऱ्यातली लाल मोटरसायकल ॲम्ब्युलन्सच्या वाटेत आहे. ज्याची असेल त्याला काढायला सांग." हजार-दीड हजार माणसं. अश्विनी घामाने भिजली. पहिल्यांदा ती एवढं हळू बोलली की तिचं तिलाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा थोडं बरं. तिसऱ्यांदा मात्र ती अशी ओरडली की मोटरसायकलवाला हातातली भेळ टाकून पळत आला. पब्लिकने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "बघ, तुला काय पाहिजे ते तू सांगितलंस आणि त्याने ते केलं. याच्या पुढे प्रेझेंटेशनमध्ये काही नसतं." त्या दिवसापासून ते तिला अगं-तुगं करायला लागले. वर्गात सगळ्यांना अहो-जाहो करणारा हा माणूस तू म्हणाला की समजायचं, आपण घरातले झालो.

पुढच्याच दिवाळीच्या आधी सर बारीक व्हायला लागले. दोन घासांत पोट भरायचं. पितृपक्षातल्या जेवणावळींमुळे पोट बिघडलंय म्हणाले. मग अश्विनीनेच मागे लागून तपासण्या करायला लावल्या आणि रिपोर्टच्या दिवशी तीच बरोबर गेली. मला हे सगळं तिने सांगितलेलं आहे. डॉक्टरांनी संगणकाकडे बघत, इंग्रजीत, दहा-बारा अवघड शब्दांत काय ते सांगून टाकलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सरांना त्यातला शब्द न् शब्द समजत होता, आयुष्यभर तेच शिकवलं होतं. तरी बाहेर आल्यावर ते बाकावर बसले आणि अश्विनीला म्हणाले, "आता तू सांग."

ती उभी राहिली, मग त्यांच्या समोर खाली बसली आणि म्हणाली, "सर, तुमच्या जठरात कॅन्सर आहे. तो यकृतापर्यंत गेलाय. ऑपरेशन करता येणार नाही. औषधांनी काही महिने मिळतील, पण बरं होणार नाही."

सरांनी रिपोर्ट गुंडाळून खिशात घातला. मग म्हणाले, "चांगलं सांगितलंस. फक्त शेवटी आवाज पडला तुझा."

ही गोष्ट ती मला सांगत होती तेव्हा आम्ही डोंबिवलीला माझ्या स्वयंपाकघरात होतो. मी कणीक मळत होते आणि मला पुढे मळता आलं नाही. मी इतकी वर्षं आकड्यांत काढली, पण 'काही महिने' हा आकडा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

खरं दुखणं पुढेच होतं. ज्या माणसाने 'थोडंसं' हा शब्द वर्गातून हद्दपार केला, त्याने घरी जाऊन आईला सांगितलं की थोडंसं पित्त झालंय. औषधाने केस गेले तेव्हा सांगितलं, उकाड्यामुळे काढले. रुग्णालयात राहावं लागे तेव्हा संस्थेच्या कामाला पुण्याला गेलोय. आजीचं वय ऐंशीच्या पुढे, एकुलता एक मुलगा, तिने सगळ्यावर विश्वास ठेवला. फक्त एका गोष्टीचा तिला राग होता. तो ताटात टाकत होता.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही दोघी फराळाला गेलो होतो. आजीने तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांची चटणी, वालाचं कालवण असं सगळं रांधलं होतं. धुराने ओल्या डोळ्यांनी चुलीवर रांधलं होतं, कारण गॅसवरची भाकरी तिच्या जनूला, म्हणजे सरांना, आवडत नाही. सरांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आजीचा तोल गेला. "चार पैसं आलं, गारी आली, आता घरचा जेवन गोर लागत नाय तुला. बाप उपासी शेतात राबला न तुला अन्नाचा माज आलाय." आणि तिने ते ताट उचलून बाहेर कुत्र्यापुढे पालथं केलं. सर मान खाली घालून बसून राहिले. अश्विनी उठून बाहेर गेली. मी करंजी हातात धरून तशीच बसले होते.

परत येताना ते आम्हाला स्टेशनवर सोडायला आले आणि मी गाडीतच त्यांच्यावर चिडले. म्हटलं, सर, हे बरोबर नाही, तुम्ही वडिलांची गोष्ट सांगता, त्या बाईला एकदा कुणी सांगितलं नाही आणि आता दुसऱ्यांदा तुम्हीच सांगत नाही. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"आकडेबाई, शिकवायचं असतं तेव्हा मला बोलता येतं," ते म्हणाले. "रोज रात्री तिच्याजवळ बसतो. सुरुवात पाठ आहे. तोंड उघडलं की ती विचारते, पाणी देऊ? मग मी पाणी पितो."

त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. माझा राग राहिला नव्हता.

हिवाळा कसाबसा गेला. शनिवारचे तास ते खुर्चीवर बसून घेत होते. वायर मात्र स्वतःच काढायचे. मदतीला कुणी हात पुढे केला तरी त्यांना चालत नसे. होळीच्या आधी डॉक्टरांनी औषधं थांबवली. डॉक्टर यावेळी काहीतरी म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य सरांनीच पुरं केलं, "घरी जा, असंच ना?" हे मला अश्विनीने सांगितलं.

त्या रविवारी त्यांनी आम्हा दोघींना घरी बोलावलं. फोनवर एवढंच म्हणाले, अश्विनीला सांगा, आईला सांगायचंय आणि माझ्याच्याने होत नाही. लोकलमध्ये अश्विनी सगळा रस्ता पुटपुटत होती. वाक्य बदलत होती, पुन्हा पहिल्यावर येत होती. तिची तोंडी परीक्षा अजून व्हायची होती, पण ती मला म्हणाली, "मॅडम, तिथे नापास झाले तर पुन्हा बसता येईल."

सर आतल्या खोलीत पलंगावर होते. दार लोटलेलं. ओटीवर निघालेल्या अश्विनीला त्यांनी एवढंच सांगितलं, "इंग्रजी नको. आणि रडू आलं तर थांब, वाक्य अर्धं सोडू नको."

आजी नेहमीसारखी ओटीवर सुपात सुकट घेऊन बसली होती. अश्विनी तिच्या समोर मांडी घालून बसली. मी खांबाजवळ उभी राहिले. आजीला वाटलं, ही परीक्षेचं सांगायला आली. ती सूप खाली ठेवून नीट बसली.

"आजी, सर आजारी आहेत," अश्विनी म्हणाली. "पित्त नाही. त्यांच्या पोटात कॅन्सर आहे. म्हणून त्यांना जेवण जात नाही. औषधं देऊन झाली, ती आता लागू पडत नाहीत. सर बरे होणार नाहीत. आता थोडे दिवस..." ती थांबली. तिने श्वास घेतला. "पावसाळ्यापर्यंत ते आपल्यात राहतील असं डॉक्टरांना वाटत नाही."

आवाज शेवटपर्यंत पडला नाही. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून रस्त्याकडे बघत होते. आजीने डोळे पुसले नाहीत, छाती बडवली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. तिने एवढंच विचारलं, "कवापासना?"

"दिवाळीच्या आधीपासून."

आजी हिशोब करावा तशी बोटांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा मी पाहिला आणि तसा चेहरा मला पुन्हा कधी बघायला लागू नये. "म्हंजी पाडव्याला त्याला जेवन जात नव्हता," ती म्हणाली. "न मी त्याला माज बोल्ली. त्याच्या म्होरचा ताट मी कुत्र्याला घातला." ती अश्विनीचा हात धरून सांगत होती, अश्विनीने तिला माफ करायचं असल्यासारखं. "मना म्हाइत असता तं मी त्याला बोल्ली नसती, बाय. कुनी सांगला असता तं मी नसती बोल्ली."

मला तेव्हा सरांचा फार राग आला. आजही येतो. तिचं मन राखायला म्हणून ते गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याने तिच्या वाट्याला एवढं ठेवून गेले. आणि तरी मी त्यांच्या जागी असते तर मीही पाणीच प्याले असते, हेही मला ठाऊक आहे.

आजी भिंतीला धरून उठली आणि आत गेली. दार उघडंच राहिलं. सर पलंगावर उठून बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आजी त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. वाकून त्यांचे पाय धरते की काय असं वाटलं, आणि तसंच असावं, कारण सरांनी एकदम तिचे दोन्ही हात पकडले.

"आये," ते म्हणाले, "मना भूक लागलीय. भाकर दे."

महिनाभर ते पेजेच्या पाण्यावर होते. घास खाली उतरत नव्हता, उतरला तर राहत नव्हता. अश्विनी एक पाऊल पुढे गेली. मी तिचा दंड धरला. आजी स्वयंपाकघरात गेली. परातीत पीठ पडल्याचा आवाज आला, मग थापल्याचा. घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता.

तिने गरम भाकरी आणि चटणी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि जमिनीवर पलंगाला टेकून बसली, तोंड वर करून. सरांनी तुकडा मोडला. चावला, खूप वेळ चावला, गिळला. त्यांच्या कपाळावर घाम आला. दुसरा तुकडा मोडला. आजी विचारत होती, मीठ बरोबर हाय का, आणि ते मान हलवत होते. आम्ही दोघींनी ओटीवरून चपला उचलल्या आणि निघालो. वळून पाहिलं तेव्हा ते तिसरा तुकडा चटणीला लावत होते आणि ती त्यांच्याकडे बघत हसत होती.